कवचातले एकशेऐंशी अँपिअर

केबलीच्या धातूच्या कवचात किती प्रवाह वाहतो, या प्रश्नाला संगणकाने चौथ्यांदा शून्य हेच उत्तर दिलं. इंजिनिअरच्या मते ते बरोबर होतं. आतल्या तारेतून वीज धावली की बाहेरच्या कवचातही ती आपसूक उपजते खरी. पण कवचाला एकाच टोकाशी अर्थिंग असेल, तर तिला फिरायला वाटच उरत नाही; दोन्ही टोकांशी असेल, तर ती फिरत राहते आणि केबल तापवते. पंचाईत एवढीच, की फिटरमामांनी जागेवर मोजून आणलेला आकडा होता एकशेऐंशी.

"मामांचे केस यात पांढरे झालेत. तुझंच मॉडेल चुकलंय," साहेब म्हणाले. "सोमवारपर्यंत जुळव. तुला कायम करायची फाइल त्याच दिवशी वर जातेय."

त्या फाइलकडे इंजिनिअरपेक्षा त्याच्या सासरेबुवांचे डोळे जास्त लागले होते. तीन वर्षं ते दर रविवारी फोनवर आधी तब्येत आणि मग नोकरी विचारत. अलीकडे त्यांनी तब्येत गाळली होती.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. याला होती, पण त्याने ती बाजूला ठेवली. मॉडेलमध्ये कवचाच्या दोन्ही टोकांना अर्थिंग दिलं, शेजारशेजारच्या केबलींमधलं अंतर जरा जरा वाढवत एकशेऐंशी गाठले आणि नकाशासकट अहवाल देऊन टाकला. साहेबांनी पाठ थोपटली.

पंधरा दिवसांनी चहा पिताना मामांनी सहज सांगितलं, की मीटर खरं तर अर्थिंगच्या तारेला लावायचं. पण ती झाकणाआड होती, म्हणून त्यांनी ते अख्ख्या केबलीलाच लावलं. म्हणजे मोजली गेली ती आतली मुख्य वीज.

"आकडा तर आला ना?" मामा म्हणाले.

इंजिनिअरने चहा तसाच ठेवला. त्याने तडक साहेबांपुढे सगळं कबूल केलं. साहेबांनी मामांना झाकण उघडून पुन्हा मोजायला पिटाळलं. तासाभरात फोन आला: एकशेअठ्ठ्याहत्तर.

"बघ. उगाच घाबरतोस," म्हणत साहेबांनी फोन त्याच्याकडे दिला आणि ते फाइल आणायला गेले.

त्याने हळूच दुसऱ्या टोकाची चौकशी केली.

"तुमच्या नकाशात अर्थिंग दोन्हीकडे होतं, इथे एकीकडेच," मामा म्हणाले. "गेल्या आठवड्यात दुसरीकडचंही मीच बसवलं. नकाशावर सही होती ना साहेबांची."

साहेबांनी परत येऊन त्याच्या हातात कायम केल्याचं पत्र ठेवलं, आणि त्याखाली पहिलं काम: सदर केबल आठवडाभर विनाकारण तापते आहे, कारण शोधावे.

त्याने तीन आठवडे मागितले. साहेबांनी महिना दिला.