बोलायचं न्हाई, थांबायचं न्हाई

कोरेगावच्या लष्करभरतीत मैलभर पळताना नानासो साळुंखे सगळ्यात शेवटी आला. त्याच्या मागे फक्त एक कुत्रं होतं, आणि तेही मध्येच कसला तरी वास घ्यायला थांबलं म्हणून. भरतीच्या सुभेदाराने सांगितलं की छाती आहे, उंची आहे, पण दम नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा भरती होती. तेव्हाही जमलं नाही तर परत तोंड दाखवू नकोस, असंही त्याने वर ऐकवलं.

ही एकेचाळीस सालच्या थंडीतली गोष्ट. थोरला भाऊ आकाराम पलटणीबरोबर मिसरात गेला होता, आणि आपण इथे खुरपं घेऊन बसलोय हे नानासोला सहन होत नव्हतं. त्याने चंग बांधला आणि थेट मानसिंग हवालदाराचं घर गाठलं. हवालदार पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेला. पेन्शनीत येऊन वीस वर्षं झाली तरी तो परसाकडे जातानासुद्धा डावा पाय आधी टाकायचा.

हवालदाराने काठीने मातीत वाट आखून दिली. मारुतीच्या देवळापासून ओढ्याच्या काठाने निघायचं, नाथाजीच्या वस्तीवरून खिंड चढायची आणि पलीकडे हिंगणवाडीला उतरायचं. तिथल्या लालासाहेबांच्या दारातल्या लिंबाला हात लावायचा आणि मागे फिरायचं. जाऊन-येऊन सात मैल. लालासाहेब हे नानासोचे सासरे, त्यामुळे वाट चुकायचा प्रश्न नव्हता. वाट देखणी होती. दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी, मधूनमधून करडईची पिवळी फुलं, आणि खिंडीत पोचलं की खाली नदीचं लांबलचक वळण. हवालदाराला मात्र तिच्यात नुसता चढ आणि उतार दिसत होता.

"पळताना बोलायचं न्हाई, बोललास की दम फुटला," हवालदार म्हणाला. "थांबायचं न्हाई. पानी प्यायचं न्हाई. डोक्याला पटका न्हाई, पायात पायताण न्हाई. कुनी बस म्हनलं तरी बसायचं न्हाई."

हे कायदे पलटणीत ठीक होते. पण आपल्या मुलखात बोडक्या डोक्याने, अनवाणी पायाने पळत येणारा माणूस एकच. तो पाहुण्यांच्या दारात जातो, आत पाऊल टाकत नाही, पाणी घेत नाही, बसत नाही, आणि मयताचा सांगावा देऊन बाहेरच्या बाहेर मागे फिरतो. लहान पोरालाही हे माहीत होतं. हवालदाराच्या डोक्यात बसरा आणि नानासोच्या डोक्यात भरती असल्यामुळे त्या दोघांनाच तेवढं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासो निघाला. नाथाजीने मोट थांबवून विचारलं, "कोन गेलं रं?" नानासोने कायदा पाळला. तोंड न उघडता त्याने बोटाने खिंड दाखवली, म्हणजे मला तिकडं जायचंय. नाथाजीने बोटाच्या रोखाने पाहिलं. खिंडीच्या वर आभाळ होतं. त्याने मुंडासं काढून हातात घेतलं.

हिंगणवाडीत नानासोची सासू राहीबाई अंगण झाडत होती. जावई बोडक्या डोक्याने आला, गार वाऱ्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जावईबापू, काय झालं? आत या, पानी तरी घ्या," ती म्हणाली. नानासोने हात हलवून नको म्हटलं. पोटात कळ आली होती म्हणून त्याने क्षणभर लिंबाला कपाळ टेकलं आणि तो आला तसा पळत गेला. राहीबाईच्या हातातला खराटा गळून पडला. तिची विहीण, म्हणजे नानासोची आई रंगुबाई, दिवाळीपासून खोकत होती. राहीबाईने जागच्या जागी बसून हंबरडा फोडला.

लालासाहेब कामाला वाघ. घटकाभरात त्यांनी चार बैलगाड्या जुंपल्या आणि वाटेत जिथे जिथे सोयरे होते तिथे हाक दिली. खिंडीखाली नाथाजी सामील झाला, आपल्याला ही खबर खुणेनेच कळली असं त्याने सगळ्यांना सांगितलं, आणि तिथे ऐन वेळी धावपळ नको म्हणून दोन बांबूही तोडून गाडीत टाकले. गावात शिरताना गाड्या सात झाल्या होत्या.

रंगुबाई अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. नानासो घरी नव्हता. पोटऱ्या कडक व्हाव्यात म्हणून हवालदाराने त्याला ओढ्याच्या पाण्यात उभं केलं होतं. रंगुबाईने रडण्याचा आवाज ऐकला, विहिणीच्या माहेरासकट सगळी माणसं गाड्यांतून उतरताना पाहिली, आणि तिच्या हातातलं सूप पडलं. तिला एकच सुचलं. मिसरातून तार आली आणि ती सांगायला ही माणसं आली.

ती धावली आणि समोर आलेल्या पहिल्या बाईच्या गळ्यात पडली. ती राहीबाईच होती. दोघींच्या तोंडावर पदर, दोघींच्या डोळ्यांना धारा. राहीबाई सांगत होती की इतकी गुणाची बाई सात गावांत मिळायची नाही. रंगुबाई म्हणत होती की माझा वाघ गेला. बाकीच्या बायांनी भोवती कोंडाळं केलं आणि जिला जे ऐकू आलं त्यावर ती रडली. असं बराच वेळ चाललं असतं, पण रंगुबाईला खोकल्याची उबळ आली.

राहीबाई थबकली. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. तिने समोरचा पदर वर केला.

"इहीनबाई, तुमी?"

"मी न्हाई तर कोन? माझा आकाराम..."

"आकारामचं काय झालं?"

"त्येच तर तुमी सांगाय आलाय न्हवं?"

सगळ्या गोष्टीचा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला, कारण जो तो नाथाजीकडे पाहत होता आणि नाथाजी गाडीतल्या बांबूंवर घोंगडं पसरत होता. आकाराम सुखरूप आहे, निदान वाईट खबर कुणाकडेच नाही, हे कळल्यावर रंगुबाई खाली बसली आणि खरी तेव्हा रडली. या वेळी तिचा आवाज निघाला नाही.

ओल्या पायांनी नानासो हवालदाराबरोबर आला तेव्हा सोयऱ्यांचा निकाल लागलेला होता. लालासाहेबांनी सांगितलं की हे पळणं आजपासून बंद. भरतीला वीस दिवस राहिले होते. नानासोने मान खाली घातली, सगळ्यांची बोलणी ऐकून घेतली आणि म्हणाला, "मी पळनार."

लालासाहेब तापले. मग रंगुबाई उठली. धाकटाही लढाईवर जाणार हे तिला गोड वाटत नव्हतं, पण पोराचा हट्ट तिला माहीत होता.

"पळ. पर बोलत पळ," ती म्हणाली. "परत्येक वस्तीवर सांगायचं, समदी बरी हायत म्हनून. न्हाई सांगितलंस तर ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई."

"बोलला की दम फुटतोय," हवालदाराने सांगून पाहिलं.

"फुटू दे."

तेव्हापासून नानासो ओरडत पळू लागला. पहिले चार दिवस नाथाजीच्या वस्तीवरच त्याचा दम उखडला. एकदा तर "समदी" म्हणाला आणि "बरी हायत" म्हणायला श्वासच राहिला नाही, तेव्हा नाथाजीने परत मुंडासं काढलं. नानासो माघारी येऊन उरलेलं सांगून गेला. मग लोक त्याच्याकडे आपले निरोप देऊ लागले. बनुबाईची म्हैस व्याली हे तिच्या बहिणीला, अमक्याचा जोंधळा काढायला झाला हे तमक्याला. नाही म्हणायला थांबावं लागलं असतं, म्हणून त्याने सगळे निरोप पोचवले. तिसऱ्या आठवड्यात तो खिंडीत पोचला की त्याची हाक हिंगणवाडीच्या विहिरीवर ऐकू येत होती.

भरतीच्या दिवशी साठ जण पळाले. नानासो सातवा आला. जागा सहाच होत्या. पळून आल्याबरोबर कारकुनापुढे नाव आणि तालुका सांगायचा होता. पहिला आलेला गडी उलटी करत होता. दुसरा आडवा पडला होता. बाकीचे गुडघे धरून नुसती तोंडं उघडत होते, आणि कारकून टाक उचलून ताटकळला होता. नानासो ताठ उभा राहिला आणि खड्या आवाजात म्हणाला, "नानासो गणपती साळुंखे, तालुका कोरेगाव, समदी बरी हायत."

कारकुनाच्या टाकाचा कागदावर डाग पडला. सुभेदाराने वळून पाहिलं.

"कोण बरी आहेत?"

"घरची, सायब. सवय लागलीया."

सुभेदार हसला. मैलभर पळून ज्याला एवढं बोलता येतं त्याच्या दमाचं आणखी काय तपासायचं, असं म्हणून त्याने पहिलं नाव नानासोचं लिहायला लावलं.

चार महिन्यांनी पत्र आलं. ते वाचायला हवालदार ओसरीवर ताठ बसला. नानासोने लिहिलं होतं की त्याला मोटार चालवायला शिकवली आहे. सकाळी लॉरीत बसतो तो संध्याकाळी उतरतो, आणि पलटणीत आल्यापासून एक फर्लांगही पळावं लागलेलं नाही. हवालदाराचा चेहरा पडला. एवढी आखलेली वाट फुकट गेली म्हणून त्याने पत्राची घडी घातली.

"बसून असतुया म्हना की," रंगुबाई म्हणाली. "आन गोळ्या सुटाय लागल्या तर?"

"तर काय? शिपाई हाय त्यो. शिपाई कवा पळत नसतो."

"आवं, तुमचा नसंल पळत," रंगुबाई म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या जिवाला बरं वाटलं होतं. "माझा पळंल. सात मैल पळंल."