बकुळाची तुरटाची परीक्षा

प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या जनावराला जंगलात राहायला जायचं असेल, तर आधी तुरटाची परीक्षा द्यावी लागते आणि ती पठारावरचं हिरड्याचं झाड घेतं. हिरडा म्हातारा आहे, पण कामाला चोख. त्याच्यापुढे कुणाचा वशिला चालत नाही. बिबट्यांना ही परीक्षा माफ आहे, कारण ते पाला खात नाहीत. हरणांमध्ये यावरून कुरबुर चालते, पण नियम तो नियम.

बकुळा नावाची सांबरीण या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. पहिल्या खेपेला तिने बाभळीची शेंग तोंडात घेतली आणि लगेच थुंकून टाकली. दुसऱ्या खेपेला गिळली खरी, पण तोंड इतकं वाकडं केलं की हिरड्याने तिथेच नापास केलं. तिचा तरी काय दोष? जन्मापासून पोटात गेलं ते गाजर, भिजवलेले हरभरे, लुसलुशीत लसूणघास आणि सणासुदीला गुळाचा खडा. जंगलातली झाडं आपल्याला कुणी ओरबाडून खाऊ नये म्हणून पाल्यात तुरटपणा भरून ठेवतात, आणि तिथली जनावरं तो लाळेतच जिरवतात. बकुळाच्या लाळेला ही विद्या कुणी शिकवलीच नव्हती.

तिसरी खेप शेवटची होती. त्यात नापास झालं की जनावर कायमचं पिंजऱ्यात, आणि तयारीसाठी मंजूर झालेला तुरट पालाही बंद. हरणांच्या आवाराची राखण करणाऱ्या यमुनाबाई खरमाटे यांना याच गोष्टीची धास्ती होती. प्राणिसंग्रहालयाच्या डॉ. शबाना अत्तार यांनी त्यांना समजावलं होतं की, गोड चाऱ्यावर वाढलेल्या या जनावरांच्या अंगात लोह साचत जातं आणि यकृत निकामी होतं. तुरट पाला त्या लोहाला बांधून बाहेर नेतो. बकुळाची आई त्यानेच गेली होती, यमुनाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून. आता बकुळाच्या रक्तातही तीच लक्षणं दिसू लागली होती. आई गेली तेव्हा यमुनाबाई पोटभर रडल्या होत्या. या वेळी मात्र त्यांनी रडायचं नाही, पोरीला पास करायचं, असा चंग बांधला.

त्यांनी कच्च्या केळ्यांपासून सुरुवात केली. मग आवळे आले, जांभळाचा पाला आला, शेवटी बाभळीच्या शेंगा. चारागृहाचा एक रिवाज होता, की जनावरापुढे टाकायचा घास आधी देणाऱ्याने चाखायचा. बाकीचे लोक गाजरापुरता तो पाळत. यमुनाबाईंनी बाभळीच्या शेंगेलाही सोडलं नाही. सुरुवातीला त्यांची जीभ लाकडासारखी व्हायची, तोंडातून शब्द फुटायचा नाही. समोर बकुळा तोंड वाकडं करायची, इकडे या करायच्या. दोघींनी हट्ट मात्र सोडला नाही.

हळूहळू यमुनाबाईंच्या तोंडाला त्याची सवय झाली. घरी त्यांचे यजमान तात्या हौसेने चहा करायचे, त्यातली साखर त्यांना नकोशी वाटू लागली. जेवण झाल्यावर त्या अंगणातल्या जांभळाखाली पाला चघळत बसत. शेजारीपाजारी काय म्हणतील, अशी तात्यांनी एकदा कुरकुर केली. परीक्षा झाली की सोडते, असं सांगून त्यांनी दुसरं पान तोडलं.

परीक्षेच्या सकाळी बकुळाला टेम्पोतून पठारावर नेलं. डॉक्टर आल्या, तात्याही जेवणाचा डबा घेऊन आले. हिरड्याने एक कच्चं फळ खाली टाकलं आणि उमेदवाराने ते खावं, असं सांगितलं. यमुनाबाईंनी ते उचललं, लुगड्याला पुसलं आणि हाताच्या सवयीने आधी आपल्या दातांखाली धरलं. नीट चावलं, गिळलं. तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. उरलेलं अर्धं त्यांनी बकुळापुढे केलं.

"राहू द्या," हिरडा म्हणाला. "उमेदवार उत्तीर्ण."

"उमेदवार ही बकुळा हाय," यमुनाबाई म्हणाल्या.

"पहिला घास ज्याच्या तोंडात, तो उमेदवार. आपली लाळ उत्तम आहे. आपण आजच जंगलात राहायला जावं."

डॉक्टरांनी बराच वाद घातला. हिरड्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि खेप संपली असल्याचं पुन्हा सांगितलं. आपल्या हाताने पोरीचं वाटोळं केलं, असं वाटून यमुनाबाई दगडावर बसून राहिल्या. बकुळा त्यांच्या हातातलं उरलेलं फळ हुंगत होती. मग यमुनाबाई पदर खोचून उठल्या.

"पास झालेल्या मादीसंगं तिचं पिल्लू जातं का?"

"जातं. पिल्लाला परीक्षा नसते. ते आईचं बघून शिकतं."

"मग ही माझी लेक."

हिरड्याने बकुळाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पिल्लू आईपेक्षा मोठं दिसतं."

"बापाच्या वळणावर गेलीया."

आता हिरड्याने तात्यांकडे पाहिलं. तात्या जेमतेम यमुनाबाईंच्या खांद्याला लागत. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बकुळाकडे पाहिलं. मग डबा खाली ठेवून ते ताठ उभे राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "आमच्या घराण्यात पोरी थोराडच."

हिरड्याने नोंद घेतली आणि वाट मोकळी असल्याचं सांगितलं.

तात्यांनी परत कधी येणार, असं हलकेच विचारलं. पिल्लू आपलं आपण चाखून खाऊ लागलं की येते, असं यमुनाबाईंनी सांगितलं. डबा त्यांनी घेतला नाही, पण तात्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग त्या पुढे आणि बकुळा मागे, अशा दोघी रानात शिरल्या. पहिल्याच ऐनाच्या झाडाखाली यमुनाबाई थांबल्या. एक पान तोडून चावलं, जरा वेळ वाट पाहिली आणि दुसरं बकुळापुढे धरलं. बकुळाने नेहमीसारखं तोंड वाकडं केलं आणि खाल्लं.

तात्यांनी घरी येऊन दोघांचा चहा ठेवला. साखर घातली नाही.