शिव्यांची तालीम

आमच्या राजपुऱ्यातले महाजन वकील दर रविवारी सकाळी घरी माणसं बोलवायचे आणि त्यांच्याकडून शिव्या खायचे. शिव्या मिळमिळीत वाटल्या की रागवायचे. "हे काय बोलणं झालं? जोर लावा की जरा!" असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायचे.

कारण सांगते. तापीकाठच्या एका वस्तीजवळ कापड रंगवायचा कारखाना आहे. त्याचं पाणी झिरपून वस्तीच्या विहिरीला रंग चढला. केळीच्या बागा पिवळ्या पडल्या, पोरांच्या अंगावर फोड आले, आणि कारखाना म्हणतो, आम्हाला आणखी वाढायचंय. वाढण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असा कायदा आहे. आमच्याकडे त्याला जनसुनवाई म्हणतात. पण तिथे साहेब दिसला की लोकांच्या तोंडाला कुलूप लागतं, हे वकिलांचं जुनं दुखणं. म्हणून वस्तीतल्या लोकांची ही तालीम.

तालमीत ते स्वतः कारखान्याचा वकील व्हायचे. एरवी हा माणूस मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारा. पण पायावर पाय टाकून, गालात पान कोंबून बसला की असा उद्धट व्हायचा की माझेच हात शिवशिवायचे. "पाणी रंगीत आहे? मग होळीचा खर्च वाचला, आभार माना!" समोरून शिव्यांचा भडिमार. मी शेजारची मास्तरीण, मला अधिकारी केलं होतं. घड्याळ बघायचं आणि जांभया द्यायच्या, एवढंच काम. "मॅडम, जांभई खरी वाटत नाही," अशी तंबीही मिळायची. शेवटी सगळ्यांना मावा जिलेबी.

सगळ्यांत तयार झाली ती केसरमाय. साठी उलटलेली, सुरुवातीला पदराआडून पुटपुटणारी. पुढे पुढे ती बोलायला उठली की वकील आधी खुर्ची मागे सरकवून घ्यायचे.

जनसुनवाईचा दिवस आला. खरा अधिकारी माझ्यापेक्षा कितीतरी सरस जांभया देत होता. कारखान्याचा खरा वकील पुढेच बसला होता, नम्र, हसतमुख, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडणारा. केसरमायने माईक घेतला आणि त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिची नजर कोपऱ्यातल्या महाजन वकिलांवर पडली आणि ती कडाडली, "हाच तो! साहेब, यानंच आमची इहीर नासवली!"

"हाच, हाच!" मागून अख्खी वस्ती ओरडली.

मी कपाळाला हात लावला. महिनोन्‌महिन्यांची मेहनत पाण्यात गेली म्हणायची. पण वकील शांतपणे उठले, कमरेवर हात ठेवले आणि त्याच उद्धट आवाजात म्हणाले, "पुरावा काय, म्हातारे?"

मग जे सुरू झालं! पाणी कोणत्या नाल्यातून सोडतात, विहीर कशी नासली, कोणाच्या पोराला फोड आले, सगळं घडाघडा. वकील मध्येमध्ये डिवचत होते आणि ती पेटत होती. अधिकाऱ्याची जांभई अर्ध्यात राहिली. माणूस भलता धरला असला तरी गाऱ्हाणं शब्दन्‌शब्द खरं होतं. त्याने सगळं लिहून घ्यायला लावलं आणि पाण्याची तपासणी होईपर्यंत कारखान्याचा अर्ज पुढे जाणार नाही, तोवर वस्तीला टँकर मिळेल, असं तिथेच जाहीर केलं.

फक्त बोलण्याच्या भरात शेवटी केसरमायच्या तोंडून निघून गेलं होतं, "मरतेवेळी तुले पानी पाजाले कोनी राहू नको!" हे तालमीत कधी आलं नव्हतं. त्यावर वकील डिवचायचं सोडून खाली बसले होते.

लोक बाहेर आनंदाने एकमेकांच्या गळ्यात पडत होते. वकील बाजूला एका पायरीवर बसले होते. त्यांची बायको गेलेली, मूलबाळ नाही. हे मी केसरमायला सांगितलं तेव्हा ती चरकली. जाऊन त्यांच्याशेजारी टेकली.

"माफ कर रे बापू. तुलेच शिव्या द्याची सवय पडली."

"झकास बोललीस, माय."

ती आणखी जवळ सरकली. "मले एक सांग. आमाले त कवाचंच पाठ झालं व्हतं. तरी दर इतवारी काऊन बोलावे तू?"

न्यायाधीशांचंही ऐकून न घेणारा हा माणूस पायरीवरची धूळ बोटाने पुसत राहिला. मला फार वाईट वाटलं.

"घरात आवाज असायचा, माय," शेवटी ते म्हणाले.

केसरमायने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंग येऊ ना या इतवारी बी. भाकरी आमी आनतो. तू फक्त नीट बोलजो आमच्यासंगं."