रुमालाखालचा नामाजी

हट्टा गावचा नामाजी म्हणजे रुमालाखालच्या सौद्यातला वाघ, असं खुद्द नामाजीचंच म्हणणं होतं! आयुष्यात सौदे केले दोन, तेही वसमतच्या बाजारात. पण तोरा असा, की सगळा निजामी मुलूख ह्याच्याच बोटांवर चालतो.

"यंदा हळद हिंगोलीला नेतो," त्यानं बायकोला, नर्मदाबाईला सांगितलं. "तिथं भाव चढा हाय. येताना दुभती म्हैसच आणतो बघ!"

"आणाच! पोरीला बाळंतपणाला आणायचं हाय, घरात दूध पाहिजे. पण तिथली रीत कुणाला तरी इचारा."

"बाजार म्हंजे बाजार! त्यात काय इचारायचं?"

आता गंमत ऐका. रुमालाखाली हातात हात घ्यायचा अन् व्यापाऱ्यानं बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. वसमतला मालकानं हात काढला, की सौदा मोडला. घट्ट धरला, की पटला. हिंगोलीत नेमकं उलटं! हात काढला, की माल दिला; धरून ठेवला, की भाव वाढवा.

हिंगोलीच्या बाजारात गाडी लागली अन् पहिल्याच व्यापाऱ्यानं, खाजा मियानं, बोटं दाबली. भाव अगदीच पडेल! नामाजीनं चटका बसल्यासारखा हात काढला. "बराबर!" म्हणत खाजा मिया हमाल आणायला गेला. मग गुलाबसिंग आला. हात काढला! उकंडराव आला. हात काढला! दोघंही खुशीत गेले. हिंगोलीची माणसं नकारसुद्धा किती गोड मानून घेतात, ह्याचं नामाजीला मोठं कौतुक वाटलं.

घटकाभरानं तिघंही हमाल घेऊन गाडीवर हजर!

"माल माझा!"

"काहून? सौदा मी केला!"

"अरे हट!"

एकच पोतं तिघांनी तीन बाजूंनी ओढलं. एवढी मागणी बघून नामाजी हरखून गेला.

गलका ऐकून लालसिंग व्यापारी धावत आला. तिघं भांडतात म्हणजे माल सोन्याचाच असणार! त्यानं रुमाल टाकला अन् दीडपट भाव दाबला. नामाजीच्या डोळ्यांपुढं म्हैस हंबरली! त्यानं हात गच्च धरला. लालसिंगनं भाव वाढवला. नामाजीनं आणखी आवळला. पुन्हा वाढवला. नामाजीनं आनंदाच्या भरात दुसराही हात रुमालात घातला!

"सोड की लेका! बोटं मोडून राहिला माझी!" लालसिंगनं कसाबसा हात सोडवला. "दुप्पट भाव देऊन राहिलो तरी न्हाईच? तुझी हळद तूच खा!"

"अन् एकच माल तिघायला इकतो व्हय?" बाकीचे उखडले. "ह्याच्याशी सौदा नको!"

जाता जाता खाजा मियानं तेवढी रीत समजावून सांगितली. नामाजीनं गाडी परत हट्ट्याकडं वळवली.

हळदीची गाडी जशीच्या तशी दारात आली. नर्मदाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"आता हळद घेऊन मी जाते. तुमी पोरीला आणायला जा. तिथं व्याह्यापुढं निस्ते हात जोडायचेत. ते समद्या गावात सारखंच असतंय!"