लग्न खरे असल्याचे पत्र

"नवरा कोन्या कुशीवर झोपते, हे सरकारले काऊन पायजे?" तानबा बारदान्याच्या गठ्ठ्याशी पुटपुटले. आर्वीच्या बाजारात त्या दिवशी एवढा मूलभूत प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही. गल्ल्यावर बसलेल्या शोभाबाईंनी नवऱ्याचे हे बोल ऐकले, पण चष्मा कागदावरून हलवला नाही.

लग्न दोघांचे असले, तरी ते खरे की खोटे हे तिसऱ्यानेच ठरवायचे असते. आपल्याकडे हे काम गल्ली बिनपगारी करते. तिकडे त्यासाठी खाते आहे.

त्यांची रक्षा तिकडेच राहते. (देशाला नाव आहे, घरात घेत नाहीत.) तीन वर्षांपूर्वी तिने तिकडच्या एकाशी लग्न केले. (त्यालाही नाव आहे.) शेजारपाजाऱ्यांसाठी मात्र ती अजून 'नोकरीत गुंतली' होती. आता लग्नाच्या आधारे तिला तिकडचे नागरिकत्व मिळायचे होते. पण लग्न फक्त कागदासाठी केले नाही ना, ही त्या सरकारला शंका. त्यामुळे आईवडिलांचे पत्र हवे : हे लग्न खरे आहे, आम्हाला मान्य आहे. शुक्रवारपर्यंत पत्र नाही, तर फाइल बंद. शोभाबाईंची सही झाली होती. तानबांची सही आणि त्यांनी भरायच्या जागा तीन आठवडे कोऱ्या होत्या.

नवराबायकोला विचारायचे बारा प्रश्नही रक्षाने पाठवले होते. कुशीचा पहिला झाला होता, पुढचे शोभाबाईंनी स्वतःच्या नवऱ्यालाच मोठ्याने विचारायला घेतले.

"बायकोची जन्मतारीख?"

"पोळ्याच्या आगंमागं."

"चहात साखर किती घेते?"

"तू चहा पेतं काय वं?"

पुराव्याला या दोघांच्या जोडीचा फोटो एकच निघाला, भाचीच्या लग्नातला. दोघांच्या मधे आहेराचा फ्रिज उभा. (फ्रिज स्पष्ट आला आहे.) वीजबिल तानबांच्या वडिलांच्या नावावर, त्यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली, तरी थकबाकी नाही.

गुण : बारापैकी दोन. संसार : चौतीस वर्षे.

या पद्धतीने आर्वी तालुक्यातली ब्याण्णव टक्के लग्ने संशयास्पद ठरावीत, असा शोभाबाईंचा अंदाज. (उरलेली आठ टक्के नवी आहेत. त्यांनाही वेळ द्यावा.)

"अन् तो?" तानबांनी सुतळी गुंडाळत विचारले.

"बाराच्या बारा. पोरीले सांबारवडीची आठवन आली, त त्यानं बरफात तीन दुकानं पालथी घातली हिरव्या सांबाराच्या जुडीसाठी. तुमाले मालूम हाये, मले काय आवडते?"

तानबांनी फ्रिजकडे, म्हणजे फोटोकडे, पाहिले.

"म्हंजे पाहा, पोरीचं लगन खरं. आपलंच तपासा लागते."

तानबांनी गुंडाळलेली सुतळी सोडून पुन्हा गुंडाळली. (तोवर वाचकांनी आधार कार्ड न पाहता आपल्या घरच्या माणसाची जन्मतारीख सांगावी. आम्ही थांबतो.)

मग त्यांनी पेन मागितला, आणि पत्रातल्या पहिल्याच कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

"इथं आपल्या जावयाचं पुरं नाव काय लिहू?"