इस्माईलभाईंचा न उघडणारा दरवाजा

इस्माईलभाईंच्या खोलीला दोन दरवाजे होते आणि त्यातल्या एकातून कुणालाच जाता येत नसे, कारण तो भिंतीतच कोरलेला होता. चौकट, उंबरा, कडी, सगळं चुन्याचं.

इस्माईलभाई दापोलीकडचे गवंडी. एकोणीसशे साठच्या दशकात बर दुबईला, खाडीजवळ, आम्ही शेजारी होतो. गल्लीतल्या एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, मास्तरकडची चित्रं पाहून त्यांना मिसरच्या जुन्या राजांच्या थडग्यांचं वेड लागलं. कुणाचं बांधकाम निघालं की हे सुरू, "मिसरवाल्यांनी काय केलं, ठावं हाय?" एका कापडवाल्याच्या वखारीत त्यांनी थडग्यातल्यासारखी इतकी बुटकी वाट काढली की चोर राहिला बाजूला, मालकच कपाळ फोडून घेऊ लागला. चोराला वाकवूनच आत घ्यावं, हे त्यांचं त्यावरचं उत्तर. वाटेत एवढे धोंडे लावूनही राजे लुटले गेले, ते कुणी लुटले? बांधणाऱ्यांनीच. हे सांगताना ते माझ्याकडे असे बघत की जणू मी त्या टोळीत होतो.

संशयात मीही काही कमी नव्हतो. तेव्हा दुबईत सोनं उघड विकलं जाई आणि लाँचींतून आपल्या किनाऱ्याला गुपचूप जाई. कोकणातला एकटा माणूस भिंतीत दरवाजा कोरतो तो काय उगीच? मागे पोकळी असणार, अशी माझी खात्री होती. गल्लीचीही होती. कुजबुज घरमालकाच्या कानी गेली आणि एका शुक्रवारी तो हातोडा घेऊनच आला. त्या अरबाने दुभाष्या म्हणून मला सोबत घेतलं.

त्याने भिंत ठोकली. आवाज भरीव आला. तरी फोडून बघतो म्हणाला. इस्माईलभाई त्या दरवाजाला पाठ लावून उभे राहिले.

"याला सांगा," ते मला म्हणाले, "मागं काय नाय. माझी बायको हलिमा गावाकडं मेली तेव्हा मी हितंच होतो. मिसरवाले मानत, मयत माणूस असल्या दरवाजातून येतं-जातं. ते पश्चिमेला करत. मी पूर्वेला केला, आमचा गाव तिकडं. आमच्या घरचाच दरवाजा काढलाय, तिला वळखता यावा म्हणून. गुनाह असंल तर माझा."

मी ते अरबीत सांगितलं. मालक त्या चुन्याच्या कडीकडे बघत राहिला. मग हातोडा खाली ठेवून त्याने हळूच विचारलं, ती आली का कधी?

मी विचारलं. इस्माईलभाईंनी मान हलवली.

"अजून नाय. एकटीनं लाँचीत बसायला घाबरते ती."