सगुणा घारीची विश्रांती

एका जंगलात, बाळांनो, रस्ता नव्हता, पण हवाई सेवा होती.

सगुणा नावाची घार पाठीवर प्रवासी घेऊन या डोंगरावरून त्या डोंगरावर जायची. घारीच्या पाठीवर प्रवासी मावतात का, असे विचारू नका. गोष्टीत मावतात.

सगुणा उजाडण्याआधी निघायची आणि अंधारात परतायची. तिची पिल्ले तिला पाहुणी समजत. "मावशी आल्या," असे झोपेतच म्हणत आणि कूस बदलत. सगुणाला फार वाईट वाटायचे. पण डोळेच उघडे राहत नसत, तर रडणार कधी?

एकदा उतरताना तिला डुलकी लागली आणि ती साळिंदरावर उतरली. दोघेही ओरडले. मग मात्र ती थेट दरबारात गेली.

"महाराज, माझं काम किती आणि विश्रांती किती, ते एकदा ठरवा."

सिंहमहाराजांनी प्रधान कोल्ह्याकडे पाहिले. कोल्हा फार शिकलेला होता. शिकार सोडून सगळे त्याला येत होते.

"सोपं आहे," कोल्हा म्हणाला. "पंख हलतात तेवढं काम, तेही रोज दोनच प्रहर. बाकी सगळी विश्रांती. आणि विश्रांतीत तुम्हाला कोणी त्रास द्यायचा नाही. झालं समाधान?"

"आणि मी पहाटेपासून कड्यावर उभी असते, ते?"

"विश्रांती. बगळा जन्मभर उभा आहे. त्याने कधी तक्रार केली?"

"प्रवासी पाठीवर बसलेले असतात, धुकं हटत नाही, तेव्हा?"

"पंख हलतात का?"

"नाही."

"मग विश्रांती."

"पण साहेब, पाय दुखतात हो!"

"ते विश्रांती जास्त झाल्यामुळे."

महाराज खूश झाले. आपल्या राज्यात घारी इतकी विश्रांती घेतात, हे त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांनी दवंडी पिटवली. ती ऐकून पलीकडच्या डोंगरावरच्या प्राण्यांनी महाराजांचा सत्कार ठरवला. पक्ष्यांचे कैवारी म्हणून!

सत्काराच्या दिवशी सगुणा पहाटेच कड्यावर हजर झाली. महाराज आले ऊन तापल्यावर. मग ओवाळणे झाले, भाषण झाले, महाराजांची आयाळ विंचरून झाली. सगुणा उभीच. शेवटी महाराज पाठीवर बसले. त्यांच्या आयाळीला धरून कोल्हाही बसला.

सगुणा उडाली. उंच गेल्यावर तिने पंख पसरले आणि हलवायचे थांबवले. घारी तशाच तरंगतात.

"वा! काय मऊ चाललंय," महाराज म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "प्रधानजी, घोरतंय कोण?"

कोल्ह्याने वाकून पाहिले आणि त्याची शेपटी ताठ झाली. "सगुणाबाई, अहो उठा! खाली दरी आहे!"

सगुणाने एक डोळा उघडला. "साहेब, पंख हलतायत का?"

"नाही."

"मग विश्रांती चालू आहे. त्रास देऊ नका." आणि तो डोळा मिटला.

दरी जवळ येऊ लागली. जवळून ती जरा जास्तच खोल होती.

"उभं राहणं काम!" महाराज ओरडले. "वाट बघणं काम! तरंगणं काम! घरट्यातून निघाल्यापासून घरट्यात पोचेपर्यंत सगळं काम!"

"आणि झोप?" डोळे न उघडताच सगुणाने विचारले.

"पोटभर! रोज! पण बाई, आत्ता जागी हो!"

सगुणाने पंख मारले आणि दोघांना अलगद पलीकडच्या डोंगरावर उतरवले. हार घेऊन प्राणी उभेच होते.

"येते मी," ती म्हणाली. "नव्या नियमाने माझं आजचं काम तुमच्या भाषणातच संपलं."

"मग आम्ही परत कसं यायचं?" कोल्हा किंचाळला.

"चालत या. पंख हलवावे लागणार नाहीत."

सत्कार झाल्यावर महाराज आणि प्रधान डोंगर उतरू लागले. थोड्याच वेळात कोल्हा कण्हला, "महाराज, पाय दुखतात हो."

"ते विश्रांती जास्त झाल्यामुळे," महाराज म्हणाले.

सगुणा मात्र दिवसाउजेडी घरट्यात पोचली. पिल्ले चक्क जागी होती. त्यांनी तिला नीट निरखून विचारले, "मावशी, आज राहणार का?"

"राहणार," ती म्हणाली आणि त्यांना पंखाखाली घेऊन गाढ झोपली.

तात्पर्य: कामावर झोपू नये, असे तुम्हाला शाळेत सांगतील. खरेच आहे. पाठीवर ससे असतील तर मुळीच झोपू नये. महाराज बसले असतील, तेव्हाच झोपावे.